डोळ्यांची चिनी आणि कानांची चिनी

मुंबईहून नासिककडे निघालेल्या गाडीला कसाऱ्यास मागून जादा इंजिने लावली जातात आणि सदतीस फुटांस एक फूट असा थळ घाटाचा चढ ओलांडून ती इगतपुरीस पोहोचते. या गावाची ख्याती प्रदीर्घ काळ केवळ रेल्वेचे ठाणे म्हणूनच होती. 1976 साली तिच्यात धम्मगिरी या विपश्यना केंद्राची भर पडली, आणि पुढे 1985 साली स्थापन झालेल्या विपश्यना विशोधन विन्यासाने अट्ठकथा व टीका यांच्यासह समग्र पाली त्रिपिटक देवनागरी लिपीत छापून प्रसिद्ध केल्यावर, पालीच्या अभ्यासकाला ज्या गावाच्या नावाची ग्रंथाच्या मुखपृष्ठामुळे ओळख व्हावी अशा गावांत इगतपुरीची गणना होऊ लागली. आता या पाली वाङ्मयात शिरलेला विद्यार्थी यथाकाल बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’पर्यंत येतो, आणि तेथे त्याला कळते की या ग्रंथाच्या आधी, त्याच विषयावर, जवळजवळ त्याच मांडणीचा ‘विमुत्तिमग्ग’ नावाचा दुसरा एक ग्रंथ उपतिस्स नामक आचार्याने रचलेला होता. त्याचे पाली मूळ नष्ट झाले, एका प्रकरणाचे तिबेटी रूपांतर उरले, आणि संपूर्ण ग्रंथ म्हणून जो शिल्लक आहे तो इसवी सन 515 मध्ये संघपालाने केलेल्या चिनी भाषांतरात. इगतपुरीच्या डोंगरावर बसून पाली वाचणाऱ्या माणसाला चिनी भाषेची गरज पडावी ती ही अशी.

गरज पडली म्हणून कोणी ती भाषा सहसा शिकत नाही, कारण चिनी ही जगातील अत्यंत दुर्घट भाषा होय असा तिचा लौकिक आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषाशिक्षणसंस्था आहे, तिच्या हिशेबाप्रमाणे चिनीत कामापुरते प्रावीण्य येण्यास वर्गातील सुमारे 2,200 तास लागतात आणि हिंदीस त्याच्या निम्मे पुरतात. हा हिशेब खोटा नाही, परंतु तो ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे अशा विद्यार्थ्याचा आहे. त्याला हिंदीतले ‘त’ आणि ‘थ’ वेगळे ऐकू येण्यासच काही महिने खर्ची घालावे लागतात. आपण इंग्रजीतून चिनीची पुस्तके आणली तशी इंग्रजीतून तिची धास्तीही आयात केली आणि मराठी जिभेला, मराठी कानाला ही भाषा नेमकी कोठे जड जाते व कोठे जात नाही याची स्वतंत्र मोजदाद कधी फारशी केली नाही. ती केली तर अडचणीचे स्थान बदलते असे माझे मत आहे.

महाराष्ट्रातील ज्या मोजक्या माणसांनी ही भाषा खरोखर आत्मसात केली, त्यांच्याकडे पाहिले तर त्यांचे दोन पंथ स्पष्ट दिसतात. पहिला पंथ पुण्याचा. धर्मानंद कोसंबी यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन सुरू केले आणि त्यांच्या शिष्यवर्गातून पुरुषोत्तम विश्वनाथ बापट पुढे आले. बापटांनी हार्वर्ड विद्यापीठात प्रबंध लिहिला तो ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ यांच्या तुलनेचाच. 1937 साली पुण्याहून प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात त्यांनी चिनी पाठ पालीशी शब्दशः ताडून पाहिला आणि उपतिस्साचा ग्रंथ आधीचा असून त्याचा संबंध सिंहलद्वीपातील अभयगिरी विहाराशी असावा असे प्रतिपादन केले. पुढे कितीतरी वर्षांनी, 1970 मध्ये, अकिरा हिराकावा या जपानी पंडिताच्या सहकार्याने त्यांनी ‘समंतपासादिके’च्या पाचव्या शतकातील चिनी रूपांतराचे इंग्रजी भाषांतर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडून प्रसिद्ध केले. त्यांचे समकालीन वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी जर्मनीत राहून आर्यदेवाच्या नावावरील ‘अक्षरशतक’ हा ग्रंथ चिनी व तिबेटी साधनांवरून 1930 साली सिद्ध केला. आणि राहुल सांकृत्यायनांनी तिबेटातून छायाचित्रांच्या रूपाने आणलेल्या असंगाच्या ‘अभिधर्मसमुच्चया’च्या संस्कृत अंशांचे संपादन ते करीत असता, पुण्यात येऊन राहिलेले चिनी विद्वान चिन ख-मू हे त्यांच्या साहाय्यास होते. या पंथाची चिनी ही डोळ्यांनी शिकलेली चिनी. अक्षर पाहावे, कोश उघडावा, अर्थ लावावा, संस्कृत-पाली प्रतिशब्दाशी ताडावा. ते अक्षर पेकिंगच्या रस्त्यावर कोणत्या सुरात उच्चारले जाते याच्याशी त्यांच्या कार्याचा संबंध नव्हता.

दुसऱ्या पंथाचे नाव घ्यावयाचे तर डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे. सोलापूरचा हा तरुण वैद्य काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून 1938 च्या सप्टेंबरात मुंबईहून बोटीने निघाला तेव्हा त्याला चिनीचा गंधही नव्हता. युद्धभूमीवरील तात्पुरत्या रुग्णालयांत जखमी शिपायांच्या तोंडून, परिचारिकांच्या तोंडून ती भाषा त्याने उचलली. 1941 साली बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुखपद त्याच्याकडे आले तोपर्यंत चिनी विद्यार्थ्यांना चिनीतच शल्यविद्या शिकविण्याइतकी ती त्याच्या अंगवळणी पडलेली होती. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला; म्हणजे या संपूर्ण अभ्यासक्रमाला चार वर्षांहून फारसा अधिक काळ मिळाला नाही. ही कानांची चिनी. दोन्ही पंथांचा संगम ज्यांच्या ठायी झाला असे नाव मला एकच ठळकपणे आठवते, ते वसंत वासुदेव परांजपे यांचे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस पेकिंग विद्यापीठात शिकून ते परराष्ट्र सेवेत आले आणि 1954 साली पंडित नेहरू व माओ यांच्या भेटीत दुभाष्याची कामगिरी त्यांच्याकडे होती.

आजच्या विद्यार्थ्याची पंचाईत ही की त्याला पहिल्या महिन्यापासून हे दोन्ही अभ्यासक्रम एकदम चालवावे लागतात. म्हणून ते वेगवेगळे तपासणे इष्ट.

कानाकडून आरंभ करू. चिनी व्यंजनांची जी मुख्य भानगड युरोपीय विद्यार्थ्याला छळते, ती अल्पप्राण आणि महाप्राण यांच्या भेदाची आहे: ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’, ‘क’ आणि ‘ख’. मराठी मूल हा भेद बाराखडीबरोबर गिळते. याहून नवलाची गोष्ट अशी की, दंतमूलाशी उच्चारला जाणारा ‘चाका’तला ‘च’ आणि तालव्य असा ‘चार’ मधला ‘च’ हे मराठीचे खास वैशिष्ट्य, जे हिंदी भाषकालाही साधत नाही, ते चिनीत जसेच्या तसे आहे. तिसरा एक मूर्धन्य ‘च’ तेवढा नवा शिकावा लागतो, तोही जीभ ‘ट’ च्या जागी नेऊन. ‘ष’ हा वर्ण आपण बोलण्यातून जवळजवळ हद्दपार केला असला तरी वेदपाठकाच्या जिभेवर तो अद्याप नांदतो आणि चिनीत त्याला रोजचे काम आहे. ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणावी असा एक स्वर मात्र आपल्याकडे नाही.

मग अडते कोठे? तर रोमन लिपीत. 1958 साली चीनने रोमन अक्षरांतील जी अधिकृत लेखनपद्धती स्वीकारली, तिच्यात अल्पप्राण ‘प’ साठी इंग्रजीतील ‘बी’ आणि महाप्राण ‘फ’ साठी ‘पी’ हे अक्षर योजलेले आहे. ‘त’ साठी ‘डी’, ‘क’ साठी ‘जी’. वस्तुतः चिनीत ‘ब’, ‘द’, ‘ग’ हे घोष वर्ण नाहीतच. परंतु आमचा विद्यार्थी इंग्रजीच्या सवयीने ते वाचतो आणि जे त्याच्या तोंडात उपजत होते तेच बिघडवून घेतो. वृत्तपत्रांतही हाच प्रकार झाला. पूर्वीच्या मराठी पत्रांत ‘माओ त्से-तुंग’ आणि ‘चौ एन-लाय’ असे छापून येई; आता ‘माओ झेडाँग’ आणि ‘झोऊ एनलाय’ असे अद्ययावत लेखन करण्यात येते, आणि ते जितके अद्ययावत तितकेच मूळ उच्चारापासून दूर आहे. चीनच्या राजधानीचे नाव ‘पेइ-चिंग’ असे लिहिले असते तर एकही वर्ण वाकडा झाला नसता. चिनीच्या प्राथमिक पाठांचे उच्चार देवनागरीत लिहून ठेवण्याची साधी युक्ती ज्याने केली, त्याचे पहिले सहा महिने पुष्कळ सुखाचे जातील.

सुरांचा प्रश्न मात्र असा देवनागरीने सुटत नाही. प्रमाण चिनीत सुरांचा विचार सोडला तर सुमारे चारशेच अवयव म्हणजे अक्षरोच्चार आहेत, आणि तेवढ्यावर सारे शब्दभांडार उभे करावयाचे म्हणून प्रत्येकावर चार सुरांची मात्रा चढते: पहिला उंच व सपाट, दुसरा चढता, तिसरा खाली दबणारा, चौथा तोडून टाकल्यासारखा उतरता. ‘माइ’ तिसऱ्या सुरात म्हटले तर विकत घेणे आणि चौथ्यात म्हटले तर विकणे. स्वर चुकला की अर्थ फिरतो ही कल्पना आपल्या परंपरेला अपरिचित मुळीच नाही. इंद्राला मारणारा पुत्र मागताना ‘इंद्रशत्रु’ या शब्दावरील स्वर चुकला आणि इंद्रच ज्याला मारील असा वृत्र जन्मला, या त्वष्ट्याच्या कथेचा दाखला पाणिनीय शिक्षेनेही दिला आहे. पण उदात्त-अनुदात्त वेदपाठात राहिले आणि मराठीने सुराला वाक्याच्या चाकरीत लावले. ‘आलास.’ आणि ‘आलास?’ यांत फरक आहे तो केवळ सुराचा, आणि तो शब्दाचा नसून संपूर्ण वाक्याचा. येथेच मराठी माणूस घसरतो: प्रश्न विचारताना वाक्याचा शेवट वर नेण्याची त्याची जन्माची सवय शेवटच्या चिनी शब्दाचा सूर पालटून टाकते, सुटा शब्द वर्गात अचूक म्हणणारा विद्यार्थी संभाषणात नेमका चुकतो तो यामुळे. त्यात आणखी सुरांचे संधी आहेत. ‘नी हाओ’ या नमस्कारातील दोन्ही अवयव तिसऱ्या सुराचे, परंतु तिसऱ्यापुढे तिसरा आला की पहिला आपोआप दुसरा होतो. संस्कृत संधी पाठ केलेल्या समाजाला याचे भय वाटू नये. फक्त येथे संधी लिहिला जात नाही, केवळ उच्चारला जातो.

व्याकरणाविषयी थोडक्यात सांगून पुढे जाता येईल, कारण तेथे दिलासाच अधिक आहे. लिंग नाही, विभक्ती नाही, क्रियापदाला काळ-पुरुष-वचनाचे प्रत्यय नाहीत. तीन लिंगांच्या घोळात परकीयांना वर्षानुवर्षे फिरविणाऱ्या मराठीने तरी चिनीला अवघड म्हणू नये. कर्म क्रियापदाच्या मागून येते एवढे इंग्रजीसारखे. बाकी ‘मी काल घेतलेले पुस्तक’ ही रचना जशी मराठीत नामाच्या आधी बसते, तशीच आणि त्याच क्रमाने चिनीत बसते. आपण ‘चार जण’ म्हणतो, तसा चिनी मनुष्य प्रत्येक संख्येनंतर वस्तूच्या जातीप्रमाणे एक गणनाशब्द घालतो: पुस्तकाला एक, कागद-मेजासारख्या पसरट वस्तूला दुसरा, नदी-रस्त्यासारख्या लांब वस्तूला तिसरा. हे पाठ करावे लागतात आणि होतात.

आता डोळ्यांचा अभ्यासक्रम. आणि खरा चढ हाच. 1716 मध्ये पूर्ण झालेल्या खांग-शी सम्राटाच्या कोशात 47,035 अक्षरे आहेत हा आकडा नवशिक्याला घाबरविण्यासाठी सर्वत्र सांगितला जातो. त्यांतील बहुसंख्य अक्षरे कोशातच वसतात. 1988 साली चिनी सरकारने नित्य वापराची म्हणून जी यादी जाहीर केली ती 3,500 अक्षरांची आहे. तरीही साडेतीन हजार म्हणजे देवनागरी वर्णमालेच्या सत्तरपट, आणि प्रत्येकाचे फराटे ठराविक क्रमानेच ओढावयाचे. या अक्षरांना चित्रलिपी म्हणण्याचा जो प्रघात आहे तो मला मुळीच मान्य नाही, कारण त्याने विद्यार्थ्याची दिशाभूल होते. डोंगर, झाड, सूर्य अशी थोडी अक्षरे चित्रातून आली हे खरे. पण ऐंशी टक्क्यांहून अधिक अक्षरे दोन तुकड्यांच्या सांध्याने बनलेली आहेत, एक तुकडा अर्थाचे क्षेत्र सुचविणारा आणि दुसरा उच्चाराचा मागमूस देणारा. घोड्याला चिनीत ‘मा’ म्हणतात. घोड्याच्या अक्षराला स्त्रीचे चिन्ह जोडले की आई असा अर्थ होतो, आणि त्या बिचारीचा घोड्याशी संबंध उच्चारापुरताच असतो. इगतपुरीच्या साधकाला ज्यात विशेष गोडी वाटेल असे उदाहरण म्हणजे ‘सति’, स्मृती, या अर्थाचे ‘न्येन’ हे अक्षर. त्याच्या खालच्या अंगास ‘हृदय’ आहे आणि वरच्या अंगास ‘आता’ या अर्थाचे अक्षर. त्यावरून ‘वर्तमान क्षणी असलेले मन म्हणजे स्मृती’ असे सुंदर निरूपण प्रवचनांतून पुष्कळ ठिकाणी चालते. चिनी वैयाकरणांच्या परंपरेने मात्र तो वरचा भाग केवळ ध्वनीसाठी आहे असे प्राचीन काळीच नोंदविलेले आहे. दोन्ही शब्दांचे उच्चार त्या काळी आजच्यापेक्षा जवळ होते. अक्षरांतून तत्त्वज्ञान काढण्याचा हा मोह टाळून जो ध्वनीच्या तुकड्यांकडे लक्ष देतो, त्याचे पाठांतर लवकर होते.

पहिली चार-पाचशे अक्षरे केवळ घोकंपट्टीने मिळतात, पुढे तेच तुकडे वारंवार भेटू लागतात आणि नवीन अक्षर अर्धे ओळखीचे वाटते. म्हणजे चढ आहे तो थळ घाटासारखा, सारा आरंभाला एकवटलेला, आणि वर आल्यावर पठार. त्या चढावर विद्यार्थी गळतात, कारण नेमक्या त्या काळात वाचण्याजोगे असे त्यांच्या हाती काहीच नसते. शिवाय अक्षरांचे दोन वेष आहेत. 1956 पासून चीनने शेकडो अक्षरांचे फराटे कमी करून ती सुटसुटीत केली, तैवान आणि हाँगकाँग यांनी ती जुन्याच रूपात ठेवली, आणि बौद्ध त्रिपिटकाची तोक्यो येथे 1924 ते 1934 या काळात छापलेली ताइशो आवृत्ती, जी बापटांपासून आजतागायत सर्व अभ्यासकांची आधारभूत प्रत आहे, ती अर्थातच जुन्या अक्षरांची. व्यापारासाठी चिनी शिकणाऱ्याने नवी रूपे शिकावी हे ठीक. ज्याला ‘विमुत्तिमग्ग’ वाचावयाचा आहे त्याने पहिल्या दिवसापासून जुनी घ्यावी, कारण जुन्यावरून नवे ओळखणे जितके सोपे तितके नव्यावरून जुने नाही.

आणि हा ग्रंथ उघडला म्हणजे तिसरी एक अडचण समोर येते, जिचा शिकवणीच्या पुस्तकांत उल्लेखही नसतो: ग्रंथाची चिनी ही बाजाराची चिनी नव्हे. ती अतिशय संक्षिप्त, कर्ता गाळणारी, जुन्या पोथ्यांत विरामचिन्हांवाचून लिहिलेली भाषा आहे. पेशवे दफ्तरातील रुमाल सोडून न तोडता लिहिलेली मोडी वाचण्याचा ज्याला सराव आहे, त्याला शब्द कोठे संपला हे अर्थावरून ठरविण्याची कसरत नवी वाटणार नाही. त्यातच भारतीय नावांचे लिप्यंतर. सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या ह्युएन त्संगाने या देशाचे नाव चार अक्षरांत लिहिले, त्यांचा आजचा उच्चार ‘मो-ह-ला-छा’ असा होतो. ज्या पुलकेशीच्या राज्याचे वर्णन आपण शाळेत वाचले त्याचे नाव ‘पु-ल्वो-ची-श’. आजच्या पेकिंगच्या उच्चाराने पुलकेशी सापडणे कठीण. तिसरे अक्षर त्या काळी ‘क’काराने सुरू होत होते हे ठाऊक असेल तर तो लगेच सापडतो. स्तानिस्लास झ्युल्यँ या फ्रेंच पंडिताने चिनीतील संस्कृत नावे उकलण्याची पद्धती 1861 साली ग्रंथरूपाने मांडली ती याच कारणास्तव. काही नावांचे तर अर्धेच भाषांतर झालेले असते: शारिपुत्रातला ‘शारि’ ध्वनीने लिहिलेला आणि ‘पुत्र’ अर्थाने. अशा जागी पेकिंगचा पदवीधर थबकतो आणि पालीचा विद्यार्थी चटकन ओळखतो; संस्कृत जाणणाऱ्यांचा हा वडिलोपार्जित हक्कच समजावयास हरकत नाही, जरी तो बजावण्यास फारसे कोणी पुढे येत नाही.

सरकारी धोरणाकडून या बाबतीत विशेष आशा नाही. 2019 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या मसुद्यात शाळेत शिकविता येण्याजोग्या परकीय भाषांमध्ये चिनीचे नाव होते. 2020 च्या अंतिम धोरणात कोरियन, थाई, पोर्तुगीज यांचे आले आणि चिनीचे गेले. सरहद्दीवरील तंट्याचा राग भाषेवर काढावा हे मला समजत नाही. ज्याच्याशी भांडण आहे त्याचा कागद तर अधिकच बारकाईने वाचावा लागतो.

वैयक्तिक अभ्यासकाचा मार्ग मात्र पूर्वीपेक्षा सुकर झाला आहे. मूलचिन्ह शोधा, मग फराटे मोजा, मग कोशाचे पान उलटा, अशी जी तपश्चर्या बापट-गोखल्यांना प्रत्येक अक्षरापाठी करावी लागे ती आता भ्रमणध्वनीवर बोटाने अक्षर रेखाटल्याबरोबर संपते, आणि संपूर्ण चिनी त्रिपिटक संगणकावर विनामूल्य वाचता येते. इगतपुरीत राहून ज्याला आरंभ करावयाचा असेल त्याने, माझ्या मते, ‘विमुत्तिमग्ग’ही आधी घेऊ नये. चिनी मध्यम आगमातील अठ्ठ्याण्णवावे सूत्र, ‘न्येन-छु-चिंग’, हे पाली सतिपट्ठानसुत्ताचे भावंड असून संघदेवाने ते 397-398 च्या सुमारास भाषांतरित केले. ज्याच्या कानात पाली पाठ बसलेला आहे त्याला त्यातील निम्मी वाक्ये कोशावाचून कळतील, कारण पुढे काय यावयाचे ते त्याला आधीच ठाऊक आहे. आणि जेथे कळेनासे होईल ती जागा बहुधा भाषेच्या अवघडपणाची नसून पाठांच्या खऱ्याखुऱ्या फरकाची असेल. कायानुपश्यनेत पाली पाठ पृथ्वी, आप, तेज आणि वायू हे चार धातू सांगून थांबतो. चिनी पाठ त्यांपुढे आकाश आणि विज्ञान ही आणखी दोन मांडतो, आणि पालीच्या याच सुत्तात नसलेली दात दातांवर दाबून जीभ टाळूस टेकविण्याची साधनाही तेथेच देतो, जी पालीत मज्झिमनिकायाच्या दुसऱ्याच एका सुत्तात आढळते.